बिनकुलपाचं कपाट

मरोद्याच्या सरकारी दवाखान्याचा कारभार हाती येताच सिस्टरनी तातडीच्या इंजेक्शनांच्या कपाटाचं कुलूप काढून टाकलं. त्या नेहमी हात धुताधुता, पाठमोऱ्याच बोलत.

माझ्या गरोदर पोरीला तपासायला नेलं, तेव्हा मी विचारलं, "चोरी झाली त?"

"त माही नोकरी जाईन. बाळंतीण गेली, त कुठून आणू?" नळ बंद करत त्या म्हणाल्या.

काल पोरीला कळा सुरू झाल्या म्हणून तिला घेऊन धावत गेलो. सिस्टरची बदली झाली होती. पोरीला तातडीचं इंजेक्शन हवं होतं, पण कपाटाला नवं कुलूप होतं.

"किल्ली कोनापाशी हाय?" मी नव्या बाईंना विचारलं.

"स्टोअरवाल्या भाऊंपाशी. जेवाले गेले ते."

आत पोरीचं कण्हणं एकाएकी थांबलं. मी नळाकडे पाहिलं. तिथे पाठमोरं कोणीच उभं नव्हतं.