सुपरयुजर अक्का

तमाम सोलापूरकरांना, त्यातही शुक्रवार पेठेतल्या चौकस रहिवाशांना, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या ऑफिसात आता कोणी पासवर्ड टाइप करत असताना कोणीही भिंतीकडे तोंड करून बसत नाही. एक थोर परंपरा लयाला गेली आहे. जिने ती सुरू केली, ती बाई हैदराबादला लेकीकडे राहायला गेली आहे.

आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. तेलुगू विणकर घरातली. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी आणि प्रिंटर अडला की दखनी. मला ती 'मालक' म्हणायची, पण ज्या सुरात लोक जावयाला 'हुशार' म्हणतात त्या सुरात.

भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही वेबसाइटी बनवतो. साइट तयार झाली की तिच्या मालकाचं एक खातं उघडावं लागतं, त्याला सुपरयुजर म्हणतात. हे खातं ज्याच्या हातात, त्यानं भाव बदलावेत, माल उडवावा, कुणाला आत घ्यावं, कुणाला हाकलावं. बाकीचे लोक हे काम चहा पिता पिता उरकतात. अक्का लग्न लावल्याच्या थाटात करायची.

गिऱ्हाइकानं स्वतः यायचं आणि अक्काच्या खुर्चीत बसायचं. मग अक्का एक बोट वर करून हवेत गिरकी द्यायची आणि म्हणायची, "तोंडं फिरवा." सगळं ऑफिस भिंतीकडे वळायचं. चहावाला वळायचा. मी, पगार देणारा माणूस, वळायचो. एकदा चुकून आमचा जिना चढलेला एक अनोळखी गृहस्थही वळला आणि काम होईपर्यंत मुकाट उभा राहिला.

आता टॉवेलवाल्या भावांचं ऐका. वडील गेल्यावर त्यांचा कारखाना एकच राहिला, चुली वेगळ्या झाल्या. दोघं आपापल्या फ्लॅटमध्ये गेले आणि आई जुन्या घरात एकटी राहिली. आईकडे जायला वेळ होत नाही, या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

त्यांची साइट तयार झाल्यावर सुपरयुजर कुणाला करायचं, असं मी विचारलं. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. थोरला म्हणाला, धाकट्याला करा, त्याला त्यातलं कळतं. धाकटा म्हणाला, दादा असताना माझं नाव कसं? मला गहिवरून आलं. दुसऱ्या दिवशी थोरला एकटा आला आणि हळूच म्हणाला, माझ्याच नावानं करा, फक्त त्याला कळू देऊ नका. तो उतरतोय तोवर धाकटा जिना चढत होता.

मी म्हटलं, दोघांनाही करून टाका. तसं करता येतं. अक्कानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. एकानं लावलेला भाव दुसरा बदलणार, मग दोघं कारखान्यात एकमेकांची गचांडी धरणार, असं तिचं म्हणणं.

"कारखाना कुणाच्या नावावर आहे, मालक?"

तो आईच्या नावावर होता.

आईला आणलं. अक्कलकोटकडची बाई, अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि आवाज खणखणीत. बोट फिरलं, दोन्ही लेक भिंतीकडे वळले. हे खातं ज्या काळ्या पडद्यावर उघडतात, तिथं पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, साधा ठिपकाही नाही. म्हातारीनं एक बटण दाबलं आणि थांबली.

"काय उमटंना की गं."

"आत पोचतंय, अम्मा. दाबत राहा."

म्हातारी दाबत राहिली, पण प्रत्येक अक्षर मोठ्यांदा उच्चारत. भिंतीकडे वळलेल्या लेकांचे कान मागे वळले. अक्कानं सगळं पुसलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तोंडात घोट धरायचा, गिळायचा नाही. गाल फुगवून म्हातारीनं पासवर्ड दोनदा टाइप केला, दोन्ही वेळा एकच निघाला आणि टॉवेलच्या कारखान्याला मालकीण मिळाली.

लेकांना अक्कानं कामापुरतीच परवानगी दिली: ऑर्डरी बघा, फोटो चढवा. भाव बदलायचा तर आईकडे जा. थोरल्यानं आधी फोनवर पासवर्ड मागून पाहिला. "फोनवर तुजं तोंड फिरलंय का न्हाय, मला काय दिसतंय?" असं म्हणून म्हातारीनं फोन ठेवला. मग जावंच लागलं. गेलं की आधी भाकरी आणि शेंगाचटणी, मग कॉम्प्युटर. एकदा दोघं एकाच वेळी पोचले. खांद्याला खांदा लावून भिंतीपुढे उभे, आणि म्हातारी एकेक बटण शोधतेय. दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे शेवटी ते एकमेकांशी बोलले.

हे सगळं अक्कानं ठरवून केलं का, असं मी तिला विचारलं. तिनं प्रिंटरला शिवी दिली.

जायच्या दिवशी तिनं मला तिच्याच खुर्चीत बसवलं आणि स्वतःच्या नावापुढची परवानगीची टिक काढायला लावली. खातं पुसायचं नाही, नाहीतर केलेल्या कामावरचं नाव जातं. नुसती टिक काढायची, म्हणजे नाव राहतं आणि दार बंद होतं. मी माझा पासवर्ड टाइप करायला लागलो. अक्का माझ्या मागे उभी होती. ती भिंतीकडे वळली. ती बराच वेळ तशीच उभी राहिली, माझं टाइप करून झालं तरी.

तिच्या जागी मोहोळहून रोज येणारा इंजिनिअर लागला. गुणी आहे. टॉवेलवाल्या भावांनी आम्हाला सुपरयुजर करा असा मेल केला, यानं दोघांच्याही नावापुढे टिक लावून टाकली, चहा निवायच्या आत. दोघांत भांडण झालं नाही, भाव कुणी कधी बदलायचा ते ठरलं, सगळं झकास.

पुढच्या महिन्यात म्हातारी कठडा धरत जिना चढून आली. अक्का कुठं आहे म्हणाली. हैदराबादला, असं मी म्हटलं. मग आलेल्या पाण्याला हात न लावता म्हणाली, पोरांची ती टिक का काय, ती काढून टाका.

इंजिनिअरला वाटलं, काही घोटाळा झाला. त्यानं खुर्ची ओढून तिला अगदी आदरानं समजावलं. काही बिघडलेलं नाही, आजी. आता त्यांचं सगळं काम घरबसल्या होतं. कशासाठीही त्यांना तुमच्याकडे यावं लागत नाही. तुम्हाला आता कसलाही त्रास नाही.

"आरं, मला तरास पायजे हाय की!"