ओझेला प्रुइटच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह

मिस ओझेला प्रुइट दर शनिवारी सकाळी साडेनऊला माझ्या दुकानात यायच्या. टोलीडोत नेब्रास्का अव्हेन्यूवर माझं केस करायचं दुकान आहे. त्यांची खुर्ची ठरलेली होती, खिडकीजवळची. दुसरी कुणी तिथं बसलेली दिसली की त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या पर्स पोटाशी धरून तिच्यासमोर उभ्या राहायच्या. बाई आपण होऊन उठायची.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्यांनी सदतीस वर्षं चादरी धुतल्या. नवरा ल्यूथर जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या मागच्या रांगेत उभ्या राहायच्या. एकटीनं गा म्हटलं की ठाम नाही. पाद्रीबाबांनी शेवटी विचारणंच सोडलं. वीस वर्षं मी त्यांचे केस करत होते. कानामागचा भाजल्याचा डागसुद्धा मला ठाऊक होता. मला वाटायचं, ही बाई मला तोंडपाठ आहे.

२००७ सालच्या मार्चमधली गोष्ट. मिस ओझेलांचं अर्धं डोकं तापल्या फणीनं सरळ करून झालं होतं, अर्धं व्हायचं होतं. कोपऱ्यात रेडिओ चालू होता. साठच्या दशकातली, काळ्या गायकांची सोल गाणी लावणारा निवेदक सांगत होता, "हे गाणं कधी बाजारात आलंच नाही. चाळीस वर्षं टेप आपल्याच गावात एका तळघरात पडून होती. इंग्लंडहून आलेल्या एका छांदिष्टाला ती सापडली. गाणारी कोण, देव जाणे."

आधी ट्रंपेट वाजले, मग ड्रम, आणि मग तो आवाज आला. कुणी दार लाथेनं उघडून घरात शिरावं तसा. "ऊठ माझ्या पायरीवरून, माझं ऊन अडवतोयस," असं ती बाई कुठल्याशा पुरुषाला सुनावत होती. सुनावता सुनावता एका ठिकाणी तिनं सूर असा वर नेला की माझ्या हातातली फणी हवेतच राहिली.

ड्रायरखालून आमच्या चर्चमधल्या क्लॉडीननं डोकं बाहेर काढलं. "ही डेल्फीन रस्क. पैज लावते. त्या काळात 'रेकॉर्ड येतेय' म्हणून भिंतीभिंतीवर तिचीच चित्रं असायची."

"डेल्फीन?" मिस ओझेला म्हणाल्या. "शिडी लावून दिली असती तरी डेल्फीन त्या सुरापर्यंत पोचली नसती."

"मग कोण ही?"

"मी."

दुकान खदखदून हसलं. "हो, आणि मी पोपची बायको!" क्लॉडीन म्हणाली.

मिस ओझेला उठल्या. गळ्याभोवती फडकं, अर्धे केस उभे, अर्धे चापून बसलेले. तशाच रेडिओपाशी गेल्या आणि आवाज वाढवला. "गप बसा आणि ऐका. आता दुसऱ्या कडव्याआधी मी श्वास घेईन. तिथं घ्यायला नको होता, पण पुरला नाही." लगेच तो श्वास ऐकू आला. "आता ड्रमवाल्याची काठी पडेल." टक्क करून काहीतरी पडलं. "मूर्ख माणूस, सारखा ती काठी पाडत होता," असं म्हणून त्या परत खुर्चीत येऊन बसल्या. "व्हर्नेटा, फणी गार झाली असेल. तापव पुन्हा."

क्लॉडीनचं डोकं आपोआप ड्रायरखाली गेलं.

त्या दिवशी बाकीच्या गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि म्हटलं, "मिस ओझेला, आता सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सोडत नाही." त्यांनी सांगितलं.

सदुसष्ट साली त्या एकवीस वर्षांच्या होत्या, ओझेला टेट. डॉर स्ट्रीटवर चपलांच्या दुकानाच्या माडीवर चॉन्सी बॅट्स नावाच्या माणसाची छोटीशी रेकॉर्ड कंपनी होती. त्यानं हिला कुणाच्या तरी लग्नात गाताना ऐकलं आणि बोलावलं. लाँड्रीतली पाळी संपवून, हातांना अजून साबणाचा वास येत असताना ही तिथं जाऊन गायली. दुसऱ्याच खेपेला गाणं असं झालं की वाजवणारे उठून उभे राहिले. तीन आठवड्यांनी बॅट्सनं एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, रेकॉर्ड डेल्फीन रस्कच्या नावानं निघेल.

डेल्फीन गोरटेली, शेलाटी, चित्रासारखी. ही काळी, थोराड, एका पायानं किंचित लंगडी.

"पोरी, गळा तुझाच," बॅट्स म्हणाला, "पण हा चेहरा पोस्टरवर चालायचा नाही. डेल्फीन उभी राहील, तोंड हलवेल. तुला नवा कोट घेऊन देतो."

"गळा माझा तर नाव माझं," ही कागद फाडत म्हणाली. "नसेल जमत तर टेप अंड्यासारखी खाली घेऊन उबवत बस."

"चादरी धुता धुता म्हातारी होशील!"

"होईन. पण चादरी मी माझ्या नावानं धुते. आणि ऐक, ही रेकॉर्ड तिच्या नावानं निघालीच, तर रेडिओ स्टेशनच्या दारात रोज उभी राहून हेच गाणं गाईन. कोण खरं ते गावाला कळेल."

बॅट्सनं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओळखलं, ही पोरगी खरंच उभी राहील. रेकॉर्ड निघाली नाही. पुढे रस्ता रुंद झाला, माडी पाडली, टेपा कुणाच्या तरी तळघरात गेल्या, बॅट्सही मेला.

"ल्यूथरला सांगितलं होतं?"

"एकट्या त्यालाच. तो म्हणायचा, गा की कधीतरी. पण एकटीनं तोंड उघडलं की माझा गळाच आवळायचा, व्हर्नेटा. बॅट्सचा तो कागद दिसायचा समोर."

मी त्या निवेदकाकडून पत्ता मिळवून इंग्लंडला पत्र धाडलं. मे महिन्यात तो छांदिष्ट स्वतः माझ्या दुकानात आला. ऑर्मरॉड त्याचं नाव. लाल गालांचा, मऊ बोलणारा, आमच्या गावच्या जुन्या गाण्यांबद्दल आमच्यापेक्षा जास्त माहिती असलेला. खुर्चीवर बसायच्या आधीसुद्धा परवानगी मागितली. मग म्हणाला, "मॅडम, टेपच्या डब्यावर डी. आर. अशी अक्षरं आहेत. डेल्फीन रस्कच्या मुलानंही कागदावर सही दिली आहे. तुम्ही फक्त दोन ओळी गा. माझ्याकडे यंत्र आहे, आवाज ताडून बघतं."

मिस ओझेलांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमचा आत्ताचा गुडघा आणि विशीतला गुडघा ताडून बघितलाय का कधी त्या यंत्रावर?"

तो हसला. त्या हसल्या नाहीत.

"मी परीक्षा एकदा दिली आहे. ती तुमच्याच डब्यात आहे. दुसरी देणार नाही."

"पण मग मी काय समजू?"

"मी सांगते ते समजा. नाहीतर बसस्टॉप समोरच आहे."

तो गेल्यावर मी चिडले. "दोन ओळींनी काय बिघडलं असतं?"

"आज दोन ओळी, उद्या दुसऱ्या साहेबाला चार," त्या म्हणाल्या. "चोराला कुणी विचारत नाही, घरमालकानंच दरवेळी किल्ली लावून दाखवायची का?"

ऑगस्टमध्ये रेकॉर्ड निघाली. ऑर्मरॉडनं सौजन्यानं एक प्रत माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवली. वर डेल्फीनचं तरुणपणीचं हसरं चित्र आणि खाली तिचं नाव. मिस ओझेलांनी ती उलटीसुलटी पाहिली. रडतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "ही अजून जिवंत आहे ना? कुठं असते?"

"डेट्रॉइटला. म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात."

"गाडी काढ."

तासाभराचा रस्ता. मी मनात भांडणाची तयारी करत होते.

डेल्फीन चाकाच्या खुर्चीत बसली होती. डोक्याला रेशमी रुमाल, ओठ रंगवलेले. आम्हाला बघून तिनं डोळे बारीक केले. मग म्हणाली, "लाँड्रीवाली!"

"मला नाव आहे. ओझेला टेट. आता प्रुइट."

"बॅट्सनं तीन आठवडे मला आरशासमोर उभं केलं होतं, तुझ्या आवाजावर तोंड हलवायला. तू कागद फाडून गेलीस आणि माझी रेकॉर्ड बुडाली. तुला इतक्या शिव्या घातल्यात मी!"

"मीही कमी घातल्या नाहीत तुला."

"मला गाता येत होतं गं," डेल्फीन एकदम म्हणाली. "तुझ्याइतकं नाही, पण येत होतं. माझी स्वतःची तीन गाणी त्यानं टेपवर घेतली होती. म्हणायचा, तू नुसती दिस. तीसुद्धा त्याच तळघरात कुजली असतील."

मिस ओझेला तिच्याशेजारी पलंगावर बसल्या. "मग या रेकॉर्डवर तुझं नाव कसं?"

"कुठल्या रेकॉर्डवर?"

आम्ही ती तिच्या मांडीवर ठेवली. तिनं आपलं चित्र बघितलं, मग उलटून गाण्याचं नाव वाचलं. "पोरगा म्हणाला, आई, इंग्लंडमध्ये तुझं गाणं निघतंय, आपण होकार दिलाय. मला वाटलं, माझ्या त्या तीन गाण्यांपैकी एखादं असेल. मी कालपर्यंत नर्सना सांगत होते." "हे तर तुझं आहे."

"हो."

"नेहमी माझ्या तोंडात दुसऱ्याचंच काहीतरी घालतात मेले," डेल्फीन म्हणाली. "फोन दे इकडे."

ऑर्मरॉड पलीकडून अदबीनं म्हणत होता की चाळीस वर्षं झाली, वय झालं, कधी कधी आठवणीत सरमिसळ होते. डेल्फीननं त्याला मध्येच तोडलं. "अरे बाबा, बाई जेवली का ते विसरेल, पोराचं नाव विसरेल, पण कोणत्या गाण्यावर तिला नुसतं तोंड हलवायला लावलं होतं ते शवपेटीतसुद्धा विसरायची नाही! लिहून घे. ओझेला टेट."

महिन्याभरानं ऑर्मरॉडकडून नव्या आवृत्तीच्या वेष्टनाचा कच्चा नमुना आला. सोबत माफीचं लांबलचक पत्र. मिस ओझेला चष्मा लावून वाचत होत्या. "गायिका: ओझेला टेट प्रुइट." मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्यांनी बोट ठेवलं. "आणि हे पुढं काय?"

नावापुढे कंसात एक प्रश्नचिन्ह होतं.

"कागदोपत्री पुरावा नाही ना, म्हणून घातलं असेल," मी म्हटलं. "राहू द्या की. नाव तर आलं."

"व्हर्नेटा, मी एकसष्ट वर्षांची आहे. जन्माच्या दाखल्यावर माझ्यापुढे हे नाही. लग्नाच्या कागदावर नाही. ल्यूथरच्या थडग्याच्या दगडावर माझं नाव आधीच कोरून ठेवलंय, तिथंही नाही. हा कोण माझ्या नावाला आकडा अडकवणारा?" त्यांनी माझी भुवया रंगवायची पेन्सिल उचलली आणि ते चिन्ह असं खोडलं की कागद फाटला. मग खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, "याच्याशिवाय छापा, नाहीतर छापू नका. आणि दुसऱ्या बाजूला डेल्फीनचं स्वतःचं गाणं घाला. तिच्या स्वतःच्या आवाजातलं."

"ते तुम्ही कशाला मागताय?"

"तिला मागायची सवय राहिली नाही."

ऑर्मरॉडची दोन पत्रं आली, पहिलं समजूत घालणारं, दुसरं काकुळतीचं. मिस ओझेलांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. त्या नेहमीप्रमाणे शनिवारी येत, केस करून घेत, टपालाचं नावही काढत नसत. मी मात्र रोज पेटीत हात घालून बघत होते. ख्रिसमसच्या आधी जाड पाकीट आलं. आत रेकॉर्ड होती. नाव होतं आणि नावापुढे काही नव्हतं. मागच्या बाजूला डेल्फीन रस्क होती. आम्ही ती तिला ऐकवून आलो. स्वतःचा विशीतला आवाज ऐकून ती म्हणाली, "जरा नाकात गातेय, नाही?" आणि परत लावायला सांगितलं. मग परत. चौथ्यांदा नर्सनं जेवायला नेलं.

पुढच्या सप्टेंबरात, रविवारी दुपारी, मॉमी नदीकाठच्या बागेत गावातल्या लोकांनी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. इंग्लंडहूनही बारा-पंधरा जण आले, ऑर्मरॉड त्यांच्यात. डेट्रॉइटच्या वादकांनी ती टेप ऐकून ऐकून गाणं जसंच्या तसं बसवलं होतं. मिस ओझेला एकटीनं गायला कबूल झाल्या, तेव्हा पाद्रीबाबांना मला ते दोनदा सांगावं लागलं.

त्या जांभळा झगा घालून, लंगडत माइकपाशी गेल्या. वादकांनी सुरुवात केली. टेपसारखेच ट्रंपेट, टेपसारखीच घाई. मिस ओझेलांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मग त्यांनी हात वर केला. "थांबा, पोरांनो."

वाद्यं थांबली.

"हे एकवीस वर्षांच्या पोरीचं आहे. तिला घाई होती, संध्याकाळची बस गाठायची होती. मला कुठं जायचं नाही. तीन सूर खाली घ्या आणि हळू."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, मग जमवलं. आणि त्या गायल्या. टेपवर ती बाई दार लाथेनं उघडून आली होती. आता ती दारात खुर्ची टाकून बसली होती आणि समोरच्याला शांतपणे सांगत होती की ऊठ. ते जास्त भयंकर होतं. उंच सुराची जागा आली तेव्हा त्या वर गेल्याच नाहीत. तिथं थांबल्या आणि नुसतं बघत राहिल्या, आणि तो सूर लोकांनीच ओरडून लावला.

गाणं संपल्यावर पुढच्या रांगेतला एक इंग्रज कळवळून म्हणाला, "मॅडम, फार सुंदर, पण हे रेकॉर्डसारखं नव्हतं."

"रेकॉर्ड तुमच्या घरी आहे ना?" मिस ओझेला म्हणाल्या. "मग ती तिथं ऐका."

खाली उतरताना त्यांनी माझा हात धरला. ऑर्मरॉड वाटेत टोपी काढून उभा होता. त्याला म्हणाल्या, "यंत्र आणलं नाहीत आज?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. "शहाणे झालात. चला, तिकडे तळलेले मासे मिळतायत. लाइन लांब आहे, पुढं उभे राहा आमच्यासाठी."

तो धावत गेला.