जानकीची शेवटची चढाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही — आणि आमच्या आईपासून सातपाटीत काही लपत नाही, मासळी विकता विकता ती अख्ख्या गावाची खबर ठेवते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जे ओळखतात त्यांच्यापुढे माझं तोंडच उघडत नाही.

मी कबड्डी खेळायचे. त्यावरच पालघरला सरकारी नोकरी लागली. अजूनही शाळावाले बोलावतात, खेळाने माणूस कसा घडतो यावर चार शब्द बोला म्हणून. मी जाते. छान बोलते — मेलं तेच तर दुखणं आहे. नारळ, शाल घेऊन घरी येते आणि मग कुणाशी बोलवत नाही. नवरा म्हणतो, दमलीस. मी हो म्हणते. भरल्या घरात असं एकटं बसायची आता सवय झालीय.

आमच्या सरांचा एक नियम होता. सरावाला पंच ठेवायचा नाही. चढाईला आलेल्या मुलीचा हात जिला लागेल, तिनेच आपला हात वर करायचा आणि बाहेर जायचं. टी-शर्टच्या टोकाला बोट लागलं तरी. केळव्याच्या एका स्पर्धेत मी तसं केलंही होतं. पंचांनी पाहिलं नव्हतं, मी हात वर केला, आम्ही हरलो. परतीच्या टेम्पोत मुलींनी मला मनसोक्त शिव्या घातल्या, पण सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तेव्हापासून भारती म्हणजे खरं बोलणारी. मला ते आवडायचं हो. फार आवडायचं.

जानकी आमच्याच संघात होती. डोंगराकडच्या पाड्यावरची, नववीतली, हरणासारखी चपळ. माझ्या डब्यातला सुका बोंबील आणि तिची तांदळाची भाकरी, असं आमचं रोजचं जेवण. दिवाळी सरली की तिचं सगळं घर वीटभट्टीवर जायचं, आणि तिची शाळा दरवर्षी तिथेच तुटायची.

त्या वर्षी निवासी प्रशिक्षणाला आमच्यातून एकच मुलगी जाणार होती. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथेच. जानकीला दुसऱ्या कशाची आस नव्हती. ती जागा मिळाली तर भट्टी सुटणार होती तिची. सरांनी आमचे दोन संघ पाडले, एकात ती, एकात मी. जिचा संघ जिंकेल ती जाईल.

शेवटची चढाई जानकीची. आमच्या बाजूला मी एकटीच उरलेली, आणि आमची आघाडी फक्त एका गुणाची. मला शिवून ती परत गेली की आमचा अख्खा संघ बाद, लोणाचे जादा गुण, म्हणजे सामना तिचा. ती आली, मी मागे सरले, तिने झुकून हात टाकला आणि —

लागला. माझ्या कोपराला, बोटाचं टोक. मला स्पष्ट कळलं. हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली, काय सांगू?

ती हसत रेषेपलीकडे पोचली. मी हात खालीच ठेवला. सर पलीकडच्या बाजूला होते, त्यांना दिसलं नव्हतं. जानकी सांगत होती, लागलाय, लागलाय. सरांनी तिचं ऐकूनच घेतलं नाही, फक्त मला विचारलं.

"नाही, सर," मी म्हणाले.

माझं काय अडलं होतं? शाळा चालू होती, घरात दोन वेळचं होतं. मला फक्त जिंकायचं होतं — आणि माझ्यावर सगळे विश्वास ठेवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. सर तिला म्हणाले, भारतीकडून काहीतरी शीक. मुली तिला खोटारडी म्हणू लागल्या. ती भांडली नाही. प्रशिक्षणाची जागा मला मिळाली. दिवाळीनंतर ती भट्टीवर गेली, ती शाळेत परत आलीच नाही.

गेल्या हिवाळ्यात पालघरला मुलींचे सामने होते, बक्षिसं द्यायला मला बोलावलेलं. तिथे जानकी भेटली. बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला जाते. तिची मुलगी कबड्डी खेळते. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझी काढणार. खरं सांगू? काढली असती तर बरं झालं असतं. तिने माझा हात धरला.

"लय वर्सं मी तुलाच खोटी समजत व्हते गं," ती म्हणाली. "मग वाटलं, मीच चुकले असंन. लागलाच नसंल हात. तू कशाला खोटं बोलशील?"

स्वतःच्या बोटाला जे कळलं होतं तेही तिने माझ्यासाठी खोटं ठरवलं होतं. तेव्हा तरी बोलायचं ना मी? समोर उभी होती ती. एक वाक्य पुरे होतं.

तिने लेकीला पुढे केलं, म्हणाली, बाईंच्या पाया पड, यांच्यासारखी हो. पोरगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, खरं खेळ हो बाळ.