रांगणेकर काकांची हजेरी

“दोनशे दिरहम. म्हणजे अडीच हजार रुपये. आणि शिकायचं काय, तर नळी पुसायला. तेही एका रिटायर्ड हवालदाराकडून.”

काउंटरला रेलून रांगणेकर काका हे दुसऱ्या एका सभासदाला ऐकवत होते. तो हवालदार, म्हणजे आमचे प्रशिक्षक साळवी, चार पावलांवर टेबलावर कापड अंथरत होते. त्यांना नीट ऐकू जाईल एवढाच आवाज काकांनी ठेवला होता. मी मान खाली घालून सभासदांची कार्डं लावत राहिले.

शारजाच्या बाहेर, वाळूला लागून असलेल्या एका नेमबाजी क्लबात मी तेव्हा रिसेप्शनवर होते. साल दोन हजार एक. ही नोकरी मला काकांनीच लावून दिली होती. बाबांचीही त्यांनीच, ते बाबांचे साहेब. आई आजारी पडली तेव्हा ऑगस्टच्या भर दुपारी स्वतः गाडी काढून तिला हॉस्पिटलात नेणारेही तेच. हे सगळं खरं आहे. गेल्या महिन्यात ते वारले, तेव्हा इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या शोकसभेत हे सगळं सांगून झालं आणि बरेच जण रडले. मला रडू आलं नाही. मला माहीत असलेला माणूस तिथे कोणी सांगितला नाही, म्हणून लिहिते आहे.

काकांनी उपकार केले आणि त्यांची आठवण कधी पुसू दिली नाही. “तुझ्या बाबाला मी एअरपोर्टवरून उचलला, हातात एक बॅग होती,” हे मी निदान वीस वेळा ऐकलं असेल, बहुतेक वेळा बाबांसमोर. बाबा हसायचे. मी शाळेपासून इंग्रजीत शिकलेली, चारचौघांत तोंडातून शब्द न निघणारी. माझ्याबद्दल काका मंडळात सांगायचे, “हिचं मराठी म्हणजे दुबईचा पाऊस. वर्षातून दोनदा, तोही थेंबभर.” लोक हसायचे. मीही हसायचे, आणि राग मला काकांपेक्षा स्वतःचाच जास्त यायचा.

त्यांचं पिस्तूल पॉइंट टू टू बोअरचं, हलक्या गोळीचं होतं. ते क्लबच्या तिजोरीतच राहायचं, घरी न्यायची परवानगी कोणालाच नव्हती. ते साफ करण्याची जबाबदारी साळवींची. कोणाला आपलं पिस्तूल आपणच साफ करायचं असेल, तर साळवींचे दोन शुक्रवारचे वर्ग करायचे, हजेरी लागली की मुभा. काका वर्गावर कायम चिडलेले असायचे. “अरे, मी वीस वर्षं गाडी चालवतो. मेकॅनिकचा कोर्स केला का? दादरला आमच्या घरात आजोबांची दुनळी होती. मी दहा वर्षांचा असताना तिला तेल पाजायचो. मला कोण शिकवणार?”

गाडीचा मुद्दा मला तेव्हा पटण्यासारखाच वाटायचा. हौशी माणूस महिन्यातून दोनदा येतो, पन्नास गोळ्या मारतो, जातो. त्याला वर्ग कशाला? मग एका शुक्रवारी काउंटर रिकामा होता म्हणून मी वर्गात मागे जाऊन बसले. पहिला पाऊण तास साळवींनी कोणालाही काही उघडू दिलं नाही. “रिकामं हाय का बघा. बघितलं? आता परत बघा.” नंतर बहुतेक वेळ त्यांनी काय उघडायचं नाही हेच सांगितलं. आणि तेलाबद्दल. “मुंबैत गंज खातो, तिथं तेल लागतं. हितं गंज न्हाई, धूळ हाय. जादा तेल घातलं की ती धूळ धरून बसतंय आणि त्याचा चिखल हुतो. एक थेंब, आणि तो पण पुसून काढायचा.” त्या वर्गातून कोणी मिस्त्री होऊन बाहेर पडत नव्हतं. आपला हात कुठे थांबवायचा, एवढं मात्र कळत होतं. काकांना नेमकं तेच ठाऊक नव्हतं, पिस्तुलाच्या बाबतीत आणि एकूणच.

मार्चमध्ये ते माझ्याकडे आले. वर्गाची वही काउंटरवर असायची. “बाळ, माझी दोन शुक्रवारची हजेरी लाव. साळवीच्या नावापुढे सहीसारखं काहीतरी कर. माझ्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागलेला मला चालत नाही.”

मी म्हटलं, “काका, पण मॅनेजर...”

“मॅनेजरला तुझं नाव कोणी सुचवलं होतं?”

मी हजेरी लावली. सहीसुद्धा केली. मग वही मिटून पुन्हा जागेवर ठेवली.

त्यानंतर काका दर वेळी खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढायचे. शारजातल्या रोल्ला बाजारात शिंप्यांचं सामान मिळतं तिथून आणलेली. पिस्तूल उघडून ते आत तेल ओतायचे, अक्षरशः ओतायचे, आजोबांच्या दुनळीला पाजायचे तसं. वरून वाळूचा वारा. साळवींनी एकदा लांबूनच सांगितलं, “साहेब, जादा होतंय.” काका म्हणाले, “तू तुझं फडकं सांभाळ. खलास.” काका उघडपणे स्वतः साफ करतात म्हटल्यावर साळवींना वाटलं असेल की मॅनेजरने आपल्याला वगळून परवानगी दिली. त्यांनी वही कधी मागितली नाही. सभासदांशी वाद घालायचा नाही, हे ते फार लवकर शिकले होते.

जूनमध्ये एका सकाळी काकांनी गोळ्यांचं मॅगझिन भरलं, पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढून सोडली, आणि चापाला बोट न लावता गोळी सुटली. आतली, गोळीवर आपटणारी फायरिंग पिन तेल-धुळीच्या चिखलात पुढेच अडकून बसली होती. गोळी समोरच्या टेबलाच्या फळीत गेली. फळीची ढलपी उडून बाजूला उभ्या असलेल्या साळवींच्या हनुवटीला लागली. जखम कापडाने दाबून धरत ते सगळ्यात आधी म्हणाले, “साहेब, पिस्तुलाचं तोंड खाली. आधी रिकामं करा.” काकांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि आजूबाजूला कोण कोण पाहतंय ते पाहिलं.

दोन दिवसांनी त्यांची लेखी तक्रार आली. ‘क्लबच्या प्रशिक्षकाने शिकवलेल्या पद्धतीनेच मी देखभाल करत होतो. प्रशिक्षण सदोष आहे. सोबत वर्गाच्या हजेरीची प्रत.’ वर्ग म्हणजे थोतांड असं वर्षभर सांगणारा माणूस आता त्याच वर्गाचा विद्यार्थी झाला होता. प्रत काढून देणारीही मीच होते. ती कशासाठी हवी ते मी विचारलं नव्हतं. साळवींनी शपथेवर सांगितलं की हा माणूस माझ्या वर्गात कधी बसला नाही. मॅनेजर मथाई सरांनी वही पुढे केली. साळवी बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिले. ती आपली नाही, हे त्यांना नक्कीच कळलं असणार. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटून मथाई सरांकडे सरकवली. त्यांचा व्हिसा क्लबचा होता. नोकरी गेली की महिनाभरात साताऱ्याला परत.

घरी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “रांगणेकरांचा स्वभाव तुला माहीत आहे. माझं प्रमोशन त्यांच्या टेबलावर आहे. आणि खोटी सही तू केलीस, हे बाहेर आलं तर तुझंही खलास. उद्या मीटिंगमध्ये तू फक्त गप्प बस. तुला जमतं ते.” ते हे रागाने बोलले नाहीत, म्हणूनच ते जास्त लागलं.

मीटिंगमध्ये मथाई सर, काका, हनुवटीला पट्टी लावलेले साळवी, आणि टिपणं घ्यायला मी. काका छान इंग्रजी बोलायचे. ते म्हणाले, या गरीब माणसाबद्दल मला आकस नाही, पण लोकांच्या जिवाशी खेळ होऊ नये. मग माझ्याकडे वळून मराठीत, मायेने, “काय बाळ, बरोबर ना? तूच तर हजेरी घेतेस.” त्यांनी मला साक्षीदार केलं, कारण मी बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. मथाई सरांनी साळवींना कामावरून काढण्याचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

मी पेन्सिल खाली ठेवली. मथाई सरांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलले, पहिला शब्द दोनदा म्हणावा लागला:

“सर, ती सही साळवींची नाही, माझी आहे. मिस्टर रांगणेकर एकाही वर्गाला आले नव्हते. त्यांनी सांगितलं म्हणून मी हजेरी लावली, आणि ते आत तेल ओतताना मी दर वेळी बघत होते.”