देवघरात हेर जात नाही

खेळ माझा होता, हे आधीच सांगून टाकते. पुढं मैत्रिणीचा भाऊ तो आपणच शोधून काढल्याचं सांगत फिरला आणि मीही त्याला फिरू दिलं.

नववीची परीक्षा झाली होती. सत्तर सालानंतरची गोष्ट, आम्ही जऊळक्याला राहत होतो. बाबा रेल्वेत गँगमन. गाडीत नाहीतर फलाटावर कुणी विसरलेली रहस्यकथा सापडली की ते घरी आणत. त्यांना धड वाचता येत नसे, पण पुस्तक माझ्यासमोर असं टाकत जणू स्वतःच लिहिलंय. त्यातल्या गुप्तहेरानं मला वेड लावलं. कुणाच्याही घरात शिरतो, कुणालाही जाब विचारतो आणि कुणी त्याला 'तू कोणाचा' म्हणून विचारत नाही!

एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी अख्खं गाव काढलं. सोळा घरं, प्रत्येक घराला तीन खोल्या: ओसरी, सैपाकघर आणि देवघर. आमच्या घरी देवघर नव्हतं, भिंतीवर दोन तसबिरी होत्या तेवढ्याच. पण कागदावर मी सगळ्यांना एकच माप लावलं. चिंचोके फोडून, दगडावर घासून फासे केले. चिठ्ठी उचलायची आणि चोर, फौजदार नाहीतर गुप्तहेर व्हायचं. चोर आपला माल कुठल्या घरातल्या कुठल्या खोलीत आहे ते लिहून चिठ्ठी कॅलेंडरखाली सरकवायचा. फौजदार फक्त ओसरीत जाऊन विचारू शके. गुप्तहेर कुठंही.

खेळायला मी मैत्रिणीकडे जायची. शेतीवाडीचं मोठं घर, थंडगार ओसरी. तिचा भाऊ कारंज्याला कॉलेजात होता, तो सुट्टीला आला आणि तिसरा भिडू मिळाला.

आई रोज कुरकुरायची. "तूच कायले जातं व तिकडं? तिले बोलाव ना येक डाव आपल्या घरी."

"तिच्या मायले काम राह्यते घरात, तिले सोडत नाई," मी सांगायची. मैत्रीण मला हेच सांगायची आणि मला ते पटायचं.

आठ दिवसांत भाऊ वैतागला. ज्याला गुप्तहेराची चिठ्ठी येई तोच जिंकत होता.

"ह्या गुप्तहेराचं लय होऊन राह्यलं," तो म्हणाला. "कोनाच्याई घरात घुसते, कायबी उघडते. मंग चोरानं कराव काय?"

त्याचं खरं होतं. मी तीन दिवस घरी बसून गुप्तहेर नव्यानं केला. आता त्याला घरात शिरायच्या आधी दोन पुरावे गोळा करावे लागणार होते आणि फौजदारापेक्षा एक घर कमी चालावं लागणार होतं. इतकं काढून घेतल्यावर त्याला काहीतरी द्यायला हवंच. म्हणून एक हक्क दिला: एका डावात एकदा, कुणालाही, कसलाही एक प्रश्न. ज्याला विचारलं त्यानं खरंच सांगायचं, खोटं बोलला तर डाव गेला. वहीच्या पुठ्ठ्यावर हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्या पुठ्ठ्याचा मला परीक्षेतल्या मार्कांपेक्षा जास्त अभिमान होता.

भावानं तो दोनदा वाचला. "हे बरं हाये," म्हणाला. "अजून येक टाक. सैपाकघर अन् देवघर, तिथं हेर जात नाई."

"काहून?"

"काहून म्हंजे? नाई जात."

"मंग चोर सगळा माल देवघरातच ठेवीन ना, दादा!"

"ठेवू दे मंग."

त्याच्या बोलण्यात काही खोच नव्हती. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं तो म्हणाला. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती मान खाली घालून चिंचोके या हातातून त्या हातात करत होती, आणि तिची मान बघून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या घरात मी ओसरीच्या पुढं एकदाही गेले नव्हते. पाणी वेगळ्या जरमनच्या गिलासात यायचं आणि तो मी स्वतःच विसळून कोपऱ्यात पालथा घालायची. कुणी सांगितलं नव्हतं, तरी घालायची. दोन महिने! रहस्यकथांचा फडशा पाडणारी मी, मला एवढे पुरावे दिसले नाहीत. आईला घरी बसून दिसले होते.

त्या डावात गुप्तहेराची चिठ्ठी मला आली. भाऊ चोर होता. मी त्याला काहीच विचारलं नाही. मैत्रिणीला म्हटलं, "माझा प्रश्न तुले. मी घरी गेल्यावर तुयी माय काय करते?"

"हे काय खेळातलं हाये का?" भाऊ म्हणाला.

"कसलाई प्रश्न चालते. लिहिलं हाये."

मैत्रिणीनं हातातले चिंचोके खाली ठेवले. मला वाटलं, ती खोटं बोलेल आणि डाव घालवेल. तिनं खोटंच बोलावं असं वाटत होतं. पण ती आधीपासूनच नियमाला पक्की होती.

"ओसरी धुते," ती म्हणाली. "अन् गोमूत्र शिंपडते. मलेई आंग धुवा लागते." मग हळूच, "तुले राग आला?"

"नाई," मी म्हटलं.

तेव्हाच उठायला हवं होतं. कॅलेंडर गुंडाळून, पुठ्ठा काखेत मारून चालू पडायला हवं होतं. तिच्या आईचा मला राग आला, भावाचा आला, तिचाही आला, आणि इतक्या वर्षांत ते सगळे राग निवळत गेले. एक तेवढा निवळला नाही. भाऊ म्हणाला, "चाल, तुयी पाळी," आणि मी चिंचोके उचलले. पुरावे गोळा केले, सैपाकघरं आणि देवघरं सोडून बाकी सगळी घरं पालथी घातली. दिवेलागणीपर्यंत खेळत बसले त्यांच्या ओसरीत.

दुसऱ्या दिवशीही गेले.