लोकरीचे मासे

चिमूरच्या बसस्थानकावर माझी बॅग उचलण्याआधी बाबा नळावर गेले. त्यांनी साबणानं हात धुतले, हुंगून पाहिले आणि परत धुतले. बॅग नवी होती. तिला मासळीचा वास लागू नये, एवढीच त्यांची काळजी. माय मागे उभी राहून डोळे पुसत होती, आणि बाबा ओले हात सदऱ्याला पुसत मला सांगत होते, "तिकडं समुद्र हाये म्हणते. पाह्यजो, पण उतरजो नको."

आम्ही ढिवर. गावच्या तलावात मासे धरायचे, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जायचं, यावर आमचं घर चालायचं. मी आयटीआय करून वेल्डर झालो आणि विशाखापट्टणमला जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराकडे मला काम लागलं, तेव्हा बाबांनी गावात पेढे वाटले होते. "आपला पोरगा जहाज जोडते," असं ते सांगत सुटले. मी जहाज जोडत नव्हतो, गंजलेल्या पत्र्यांना ठिगळं लावत होतो. पण फोनवर त्यांची ती खुशी ऐकून मी कधी त्यांना दुरुस्त केलं नाही.

पहिली वर्षं चांगली गेली. सिंदेवाहीकडची रेखा लग्न होऊन माझ्या घरात आली. आम्ही बंदराजवळच्या एका वस्तीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मला तेलुगू यायला लागली, भातावर पप्पू म्हणजे वरण आणि गोंगुऱ्याची आंबट भाजी चालायला लागली. ट्रेनमधून बल्लारशाला उतरलो की जीभ आपोआप बदलायची आणि परतताना विजयवाड्याच्या पुढे पुन्हा बदलायची. तुम्हा गावकऱ्यांपैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे सांगायला नको.

मग एके दिवशी मी परांचीवरून खाली पडलो. मांडीच्या हाडात रॉड घातला. हे घरी सगळ्यांना ठाऊक होतं. माय आणि बाबा दवाखान्यात येऊनही गेले. पाय जुळला, पण उंचावर चढण्याजोगा राहिला नाही. आणि आमच्या कामात जमिनीवरचं काम कोणी कोणासाठी राखून ठेवत नाही. रेखानं एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. सकाळी ती डबा भरून जायची आणि मी खाटेवर. खालच्या गल्लीत पाणी भरणाऱ्या बाया वर बघायच्या. मी खिडकीपासून खाट सरकवून घेतली.

आमची घरमालकीण निवृत्त नर्स होती. सगळे तिला अम्मा म्हणत. एका दुपारी ती काठी टेकत जिना चढून आली. हातात लोकरीचे गुंडे, क्रोशाची सुई आणि एक जाड पुस्तक होतं.

"सारा दिन फॅन मत देखो बाबू," ती म्हणाली. "पैर खराब है, हाथ तो ठीक है ना?"

पुस्तक कुठल्यातरी परदेशातलं होतं. तिच्या भाचीनं तिला आणून दिलेलं. मुखपृष्ठावर एक जांभळा ऑक्टोपस हसत होता. आत देवमासा, कासव, समुद्रघोडा, तारामासा, जेलीफिश, खेकडा. सगळे लोकरीचे, सगळे गुबगुबीत. मला हसू आलं आणि लगेच रागही आला. ही बाई मला काय समजते? मी म्हणालो, "अम्मा, ये औरतों का काम है." तिनं "पर्वालेदु" म्हटलं, म्हणजे चालतंय, आणि सगळं माझ्या उशाशी ठेवून ती खाली गेली.

दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दार आतून लावलं आणि सुई धरली.

साखळी आणि मुका खांब हे साधे टाके अम्मानं खाटेशेजारी बसून शिकवले. बाकी पुस्तकातून. सुरुवातीला लोकरीचा फास करायचा, त्यात टाके घालायचे आणि ओढून भोक बंद करायचं. मग गोल वाढवत न्यायचं. टाके वाढवले की पोट फुगतं, कमी केले की आवळतं. ऑक्टोपसच्या पायाची मात्र गंमत आहे. सरळ साखळी घालायची आणि परत येताना तिच्या प्रत्येक कडीत जास्तीचे टाके कोंबायचे. दाटी झाली की पाय आपोआप गुंडाळतो. पहिला पाय असा माझ्या हातात वळला तेव्हा मी खोलीत एकटाच मोठ्यानं "अरे बाप्पा!" म्हणालो आणि मग दाराकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही.

माझा पहिला ऑक्टोपस एका अंगाला कलला होता. एक डोळा वर, एक खाली. रेखा कामावरून आली तर मी तो चादरीखाली सरकवला. तिनं चादर झटकायला घेतली आणि तो जमिनीवर पडून लोळला. ती खूप वेळ हसली. मग म्हणाली, "हा तर आमच्या मामासारखा दिसून राह्यला." आणि त्याला देवाच्या फळीवर नेऊन ठेवलं.

अम्माच्या भाचीची समुद्रकिनाऱ्यावर शंख-शिंपल्यांची टपरी होती. तिनं माझे प्राणी तिथं ठेवले आणि ते विकले जाऊ लागले. मग मागणी यायला लागली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी विणत बसू लागलो. पोटात भरायला फायबरचा कापूस पोत्यानं यायचा. घरात हातभार लागला, मला झोप लागायला लागली. पण लाज काही गेली नाही. एकदा जुने वेल्डर मित्र अचानक भेटायला आले. मी अर्धवट कासव घाईनं खाटेवर टाकून त्याच्यावर बसलो आणि ते जाईपर्यंत उठलो नाही. सुई मांडीत रुतत होती. फोनवर बाबा विचारायचे, "काय करून राह्यला?" मी म्हणायचो, "पडलो हावो." पडून असणं मला विणत असण्यापेक्षा बरं वाटायचं, याला काय म्हणावं?

भाचीनं मला विणताना शूट केलं, मला न विचारता. मोठा पांढरा शार्क माझ्या मांडीवर, मी मान खाली घालून त्याला दात लावतोय, वर कसलंसं तेलुगू गाणं. तो व्हिडिओ कसा कोण जाणे फिरत फिरत आमच्या गावच्या ग्रुपवर पोहोचला. खाली हसण्याची चित्रंच चित्रं. कोणीतरी लिहिलं होतं, "ढिवराच्या पोरानं लोकरीचे मासे धरले." मी फोन बंद करून ठेवला. चालू केला तेव्हा बाबांचा एकही मिस्ड कॉल नव्हता. त्यानंतर त्यांनी मला काय करून राह्यला असं विचारणंच सोडलं.

उन्हाळ्यात बहिणीच्या, वनिताच्या, सोयरिकीची बोलणी ठरली आणि रेखा आणि मी गावी गेलो. बाबा मोहर्लीला, जंगल सफारीच्या गावी, एका रिसॉर्टवर चौकीदार म्हणून लागले आहेत, आठवडाभर तिथंच राहतात, एवढं मला माहीत होतं. त्या दिवसासाठी ते सुट्टी काढून आले होते. पाहुण्यांसाठी अंगणात सतरंजी टाकली. मुलाचे काका बोलके होते. सफारीची जिप्सी चालवायचे. सुपारी कातरत त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाबांना विचारलं, "मोठे चिरंजीव काय करतेत?"

"वेल्डर हाये," बाबा म्हणाले. "जहाजाच्या कारखान्यात."

आमच्या बाबांना खोटं बोलता येत नाही. मासे नाही लागले तर ते नाही म्हणतात, लागले तर किती ते सांगतात. ते खोटं बोलताना त्यांची नजर सतरंजीच्या दोऱ्यात गुंतली होती. मला वाटलं, उठून तलावाकडे निघून जावं. मी सतरंजीचा कोपरा सरळ करत बसलो.

बोलली रेखा. ती चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"वेल्डर होते," ती म्हणाली. "पडले त्यावर्षीपासून नाई. आता लोकरीचे मासे, कासव असं बनवतेत, टुरिस्ट लोकं घेतेत. चांगलं काम हाये. लपवाले काय झालं?"

काकांचा अडकित्ता थांबला. मग ते काका मोकळेपणानं हसले आणि बाबांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "म्हणजे बाप-लेक दोघंही टुरिस्टायसाठीच हायेत म्हणा! मी तं रोज पाह्यतो भाऊले, सायंकाळी, तळ्यावर. काय जाळं फेकतेत! गाडीतले लोकं पाहाले थांबतेत."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बाबांचा चेहरा असा झाला, की मी तसा कधी पाहिला नव्हता. ते उठले, "पानी पाह्यतो," म्हणाले आणि घरामागे गेले. पाहुणे जाईपर्यंत आले नाहीत.

चुलीपाशी मी वनिताला विचारलं. ती भांडी घासत होती, मान वर न करता तिनं सांगितलं. गावच्या तलावाचा ठेका बाहेरच्या माणसानं घेतला होता. तो आमच्याच लोकांना तिथं मजुरीनं मासे काढायला बोलवायचा. बाबा एक दिवस गेले आणि परत गेले नाहीत. रिसॉर्टवर त्यांना चौकीदार म्हणूनच घेतलं. मग मालकाला कळलं की ह्यांना जाळं फेकता येतं.

"तुले सांगजो नको म्हणले," वनिता म्हणाली. "म्हणे, त्याचा पाय मोडला, त्यात माह्यं कायले?"

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत बाबा पहिल्या बसनं मोहर्लीला गेले होते. रेखा म्हणाली, "जा." मी गेलो.

रिसॉर्ट मोठं होतं, बांबूच्या कमानीचं. रेस्टॉरंटच्या समोर एक खोदलेलं तळं. तळाला निळं प्लास्टिक अंथरलेलं, वर दोन-चार कमळं. सफारीहून आलेले लोक चहा आणि भजी घेऊन काठावर उभे होते. मी त्यांच्या मागे एका खांबाआड थांबलो. बाबा आले ते धोतर नेसून, डोक्याला लाल फेटा बांधून. आमच्याकडे फेटा लग्नात बांधतात. मासे धरायला बाबा अर्धी चड्डी घालून जायचे. एक मुलगा माईकवर हिंदीत सांगत होता की ही आदिम काळापासूनची पद्धत आहे.

बाबांनी जाळं खांद्यावर घेतलं, कंबर वळवली आणि फेकलं. जाळं हवेत असं उघडलं, पूर्ण, गोल, की मी खांबाआडून मान पुढे काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग ते जाळं पाण्यावर पडलं आणि तिथंच तरंगत राहिलं. बुडालं नाही. प्लास्टिक फाटू नये म्हणून त्याच्या काठाचं शिसं काढून टाकलं होतं. बाबांनी ते हळूहळू ओढून घेतलं. त्यात एक कमळाचं पान आलं. कोणीतरी म्हणालं, "एक बार और अंकल, फोटो नहीं आया." बाबांनी पुन्हा फेकलं.

मी निघून जायला वळलो. बघायला नको होतं, असं मला झालं. पण बाहेरची वाट काठावरूनच होती, म्हणून मी थांबून राहिलो.

नंतर भटारखान्यामागच्या शेडमध्ये ते मला भेटले. फेटा काढून त्यांनी खुंटीला अडकवला होता. अंगावर नेहमीचा सदरा. त्यांनी स्टीलच्या पेल्यात चहा आणून माझ्यापुढे ठेवला.

"जेवला का?"

"हो."

"कवा आला?"

"आत्ताच."

"पयलं जाळं फेकलं तवाच खांबामागं होता तू," ते म्हणाले.

मी चहाचा घोट घेतला. बाहेर जनरेटर सुरू झाला. त्यांनी विचारलं, "तुह्या त्या वस्तूयले लोकं हासतेत का?"

"हासतेत. लेकरं तं लय हासतेत."

"माह्यावर टाळ्या वाजवतेत," बाबा म्हणाले. मग पेला हातात फिरवत म्हणाले, "हासलेलं बरं राह्यते."

एवढंच आम्ही बोललो. मी लाज वाटून घेऊ नका म्हणालो नाही, त्यांनीही मला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर दोघांपैकी एकाला खोटं बोलावं लागलं असतं. ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. तिथं एक पाहुणी बाई त्यांना ओळखून म्हणाली, "बहुत अच्छा था अंकल." बाबांनी हात जोडले. मीही त्यांच्या शेजारी उभा राहून का कोण जाणे हात जोडले.

वनिताचं लग्न त्याच पाहुण्यांच्या घरात झालं. ग्रुपवर अजून अधूनमधून कोणीतरी तो शार्कचा व्हिडिओ टाकतं. मी अजूनही खिडकी लावून विणतो. आणि तुम्ही गावात राहिलेले लोक जेव्हा विचारता, कवा परत येतो, तेव्हा मी विषय बदलतो. ज्या तलावाकाठी परत यायचं, तो आता ना बाबांचा आहे ना माझा. विशाखापट्टणमची ही खोलीही अम्माची. घर म्हटलं की हल्ली मला यातलं काही दिसत नाही.

दिसतो तो फोन. रोज दिवेलागणीला वाजतो, तळ्यावरचं काम आटोपलं की. बाबा विचारतात, "आज काय बनवलं?" मी सांगतो, समुद्रघोडा, किंवा कासवाचं नुसतं कवच. ते विचारतात, तो कसा दिसते, खाते का त्याले. मग मी विचारतो, "लोकं लय होते का आज?" आधी ते हा प्रश्न टाळायचे. आता सांगतात. परवा म्हणाले, "नाई, आज जोराचं पानी आलं, कोणीच नोयतं." त्यांचा आवाज शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरासारखा होता. मी सुई बाजूला ठेवली आणि म्हणालो, "बरं झालं बाबा." ते म्हणाले, "हो ना."

मग आम्ही दोघंही फोन कानाला लावून बसलो. ते तिकडं, मी इकडं.