पाच अमरदाद

दुर्गा माझी नणंद, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा तापाने गेला आणि सोळाव्या वर्षी ती जालन्याला, आमच्या घरी, परत आली. मी तेव्हा वऱ्हाडातल्या कॉन्व्हेंटातून शिकून नुकतीच या घरात आले होते. इंग्रजी आणि गणित मी शिकवलं, उर्दू शेजारच्या नूरबींनी. नूरबी शाळामास्तरांची विधवा लेक. तीन वर्षांत दुर्गा घरी अभ्यास करून मॅट्रिक झाली. निकालाच्या दिवशी माझे यजमान पेढे घेऊन आले आणि हसत म्हणाले, "झालं ना आता? का तहसीलदार व्हायचंय?"

ते वकील होते, घरातही थट्टा करायची सवय होती. पण आम्ही दोघींनी ते वाक्य नकार म्हणून धरलं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

कारण दुर्गाला बी. ए. व्हायचं होतं. हैदराबादेला मुलींचं कॉलेज होतं, राहायची सोय होती. १९३७ च्या जानेवारीत माझ्या डायरीच्या मागच्या पानावर आम्ही चार वर्षांचा आराखडा आखला. दोन वर्षं इंटर, दोन वर्षं बी. ए. इतिहास, मराठी आणि उर्दू, असे विषय. आणि एक विषय तिने स्वतः काढलेला.

"वहिनी, नूरबी चक्कीवर जे गाणं म्हणती ना, त्याची चाल आणि आपल्या जात्यावरच्या ओवीची चाल एकच हाय. दोघींच्या भाषा येगळ्या, मंग चाल कुणी कुणाची घेतली? असं शिकवत आसतील का कॉलेजात?"

"नसतील."

"न्हाई तर मी इचारीन त्यांना, का न्हाई म्हणून!"

कॉलेजला पत्र मी सांगितलं, दुर्गाने ते उर्दूतून लिहिलं. एप्रिलमध्ये उत्तर आलं, सोबत अर्जाचा कागद. नूरबींनी परसदारी बसून ते मोठ्याने वाचलं. पालकाची सही लागेल. अर्ज पाच अमरदादच्या आत पोचला पाहिजे.

"अभी बहुत वक्त है," नूरबी म्हणाल्या. "पन सुस्ती नको करना, दुर्गा." आणि दुसऱ्याच आठवड्यात त्या लेकीच्या बाळंतपणाला परभणीला गेल्या.

निजामाचं सरकारी कामकाज सगळं फसली पंचांगाच्या महिन्यांत चाले. घरात तिथी, माझ्या डायरीत इंग्रजी तारीख. अमरदाद म्हणजे कोणता महिना हे विचारायचं तर यजमानांना विचारावं लागणार, आणि मग सगळं बाहेर पडणार. मी शोध लावला. आदल्या वर्षी त्यांच्या टेबलावर अठ्ठावीस आजूरचं एक समन्स पाहिलं होतं, त्या दिवशी नोव्हेंबर लागलेला होता. आजूर हा वर्षाचा पहिला महिना. म्हणजे आजूर नोव्हेंबर, दै डिसेंबर, असं बोटांवर मोजत मी अमरदाद जुलैवर आणून ठेवला आणि डायरीत ५ जुलैच्या पानावर तांबड्या शाईने लिहिलं : दुर्गाचा अर्ज.

माझ्या डायरीवर त्या घराचा फार विश्वास. गाय कधी व्याली, पाहुणे कधी येऊन गेले, सगळे मला विचारत. दुर्गानेही परत विचारलं नाही.

सहीचं मात्र राहून राहून पुढे गेलं. दुर्गा रोज म्हणायची, "आज बोलता का दादाला?" आणि मी म्हणायची, आज कोर्टात हरलेत, आज सासूबाई बसल्यात, आज नको. शेवटी जूनच्या अखेरीस जेवणानंतर मी कागद पुढे ठेवला. दुर्गा दाराशी उभी होती.

त्यांनी तो सावकाश वाचला. "एवढे दिवस कुठं होता हा?"

दुर्गाने माझ्याकडे पाहिलं.

"मला भ्यायलात? अगं, मीच म्हणणार होतो हिला पुढं शिकव म्हणून." त्यांनी दौत ओढली, सही केली. मग तारीख टाकताना थांबले. "पाच अमरदाद? आज तर अमरदाद संपत आला."

मी डायरी आणली. त्यांनी माझी बोटं मोजून घेतली, जशी लहान मुलाची घ्यावी तशी. आजूर लागतो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. मी पाहिलेलं समन्स महिन्याच्या अखेरचं होतं. मी जवळजवळ महिनाभर पुढे गेले होते; पाच अमरदाद जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच होऊन गेला होता.

"वहिनी," दुर्गा एवढंच म्हणाली, आणि आत गेली.

यजमानांनी तार केली, मग पत्र. उत्तर आलं की मुदत संपली आहे, पुढच्या वर्षी अर्ज करावा. त्यांनी दुर्गाला समजावलं, "एक वर्षाचं काय एवढं! जाशील."

त्याच दिवाळीत सासूबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्यांना जालन्यात राहायचं नव्हतं, धावडा गावातल्या शेतावरच्या घरी न्यायला लावलं. सोबत कोण? मला दोन लहान मुलं. विधवा लेक होती. कुणी तिला विचारलं नाही, मीही नाही. सासूबाई गेल्या १९४६ च्या चैत्रात. साडेआठ वर्षं दुर्गाने त्यांना भरवलं, उचललं, धुतलं.

पुढच्या वर्षी, वर्षश्राद्ध उरकून, ती परत जालन्याला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत सात वह्या होत्या. धावड्यातल्या बायांच्या ओव्या, मुसलमान घरांतली चक्कीची गाणी, एका बाजूला मराठी, समोर उर्दू अक्षरांत. कुणी कुणापासून चाल उचलली याच्या खुणा समासात. मी थक्क झाले. म्हटलं, "दुर्गा, हे तर बी. ए.च्या वरचं काम आहे गं. कॉलेजात जाऊन तू आणखी काय केलं असतंस?"

माझ्या मनात तिचं कौतुकच होतं. आणि खरं सांगायचं तर, थोडी माझी सुटकाही.

तिने वही माझ्या हातातून काढून घेतली.

"पुसू कुणाला, वहिनी? नऊ साल हे लिहून राह्यले, बराबर हाय का चूक हाय, हे सांगणारं एक माणूस न्हाई भेटलं. मला वह्या नको होत्या. मला कॉलेज पाहिजे होतं."

मग ट्रंकेचं झाकण लावलं आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातातली परात घेतली, कारण कणीक भिजवायची राहिली होती.

१९३७ ची डायरी माझ्याकडे आहे. ५ जुलैची ती तांबडी ओळ मी कधी खोडली नाही. पण त्या दिवसाच्या खाली मी काय लिहिलं असेल म्हणून परवा पाहिलं, तर लिहिलं होतं : ऊन नाही. लोणच्याला मीठ कमी पडले.